ख्रिस्ती लोकांच्या देवाला नाव आहे का? असेल तर ते घेत का नाहीत?

तुम्ही विचारलंय की वारकरी विठ्ठलाचं नाव घेतो, मग ख्रिस्ती माणूस नुसतं 'देव' आणि 'प्रभू' का म्हणतो? 'यहोवा' हे खरं नाव असेल तर ते चर्चमध्ये ऐकू का येत नाही? आणि ख्रिस्ती लोकांत नामस्मरणासारखं काही आहे का? मी मराठी ख्रिस्ती घरातला आहे. हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाव आहे. हिब्रू बायबलमध्ये, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथात, ज्याला आम्ही जुना करार म्हणतो, ते योद, हे, वाव, हे या चार अक्षरांत ६,८०० हून अधिक वेळा येतं. जुन्या हिब्रूत स्वरचिन्हं लिहीत नसत. त्यात यहुदी लोकांनी आदरापोटी हे नाव उच्चारणं हळूहळू थांबवलं आणि वाचताना त्या जागी 'अदोनाय', म्हणजे प्रभू, म्हणू लागले. पुढे पंडितांनी पाठाला स्वरचिन्हं दिली तेव्हा या चार अक्षरांना 'अदोनाय'चे स्वर लावले, वाचणाऱ्याने काय म्हणायचं ते कळावं म्हणून. दोन्ही एकत्र वाचून 'यहोवा' तयार झालं. मूळ उच्चार 'याहवे'च्या जवळचा असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. हिंदी बायबलमध्ये 'यहोवा' दिसतं, आपल्या मराठी पवित्र शास्त्रात त्या जागी 'परमेश्वर' आहे. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' या ओळीत मुळात हेच नाव आहे.

उच्चारावरून लोक हिरिरीने वाद घालतात. मला मात्र बायबलच्या निर्गम या पुस्तकाचा तिसरा अध्याय जास्त महत्त्वाचा वाटतो. इस्राएली लोकांचा पुढे नेता झालेला मोशे सासऱ्याची मेंढरं चारत होरेब डोंगरापाशी आलाय. झुडूप पेटलंय, पण जळून जात नाही. देव त्याला मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, राजाकडे, फारोकडे, जायला सांगतो. मोशे घाबरतो, 'मी कोण जाणारा?' म्हणतो. देव त्याची लायकी सांगत बसत नाही. 'मी तुझ्याबरोबर असेन,' एवढंच म्हणतो. मग मोशे नाव विचारतो आणि उत्तर येतं, 'मी आहे तो आहे.' हिब्रूत दोन्ही वाक्यांत एकच क्रियापद आहे, 'एहये'. आधी 'बरोबर असेन' म्हणणाराच दोन वचनांनंतर ते 'असणं' आपलं नाव म्हणून सांगतो.

ग्रीक भाषांतरात याचं 'जो आहे तो' झालं आणि त्यावर मोठं तत्त्वज्ञान उभं राहिलं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने मांडलं की बाकी सगळ्यांना अस्तित्व मिळालेलं असतं, देव स्वतःच अस्तित्व आहे. हे मला पटतं. पण ते नाव पहिल्यांदा ज्यांच्यापर्यंत पोचायचं होतं, ते मिसरात विटा पाडणारे इस्राएली गुलाम होते. त्यांना आधी हवा होता तो सोबतीचा शब्द. पुढे याच लोकांनी पूजेसाठी सोन्याचं वासरू करून देवाशी केलेला करार मोडला. त्यानंतर चौतिसाव्या अध्यायात देव मोशेसमोर पुन्हा आपलं नाव पुकारतो आणि त्याचा अर्थही स्वतःच सांगतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, आणि अपराध्याला शिक्षेवाचून न सोडणारा.

आता 'प्रभू'कडे येऊ. नवा करार, म्हणजे बायबलचा येशूविषयीचा भाग, ग्रीकमध्ये आहे आणि त्यात या नावाच्या जागी 'कुरियोस', म्हणजे प्रभू, येतं. योएल संदेष्ट्याने लिहिलं होतं की जो परमेश्वराचं नाव घेऊन हाक मारील तो तरेल. येशूचा प्रेषित पौल, हाडाचा यहुदी, नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात तेच वाक्य सरळ येशूला लावतो. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात देव म्हणतो, माझ्यापुढे प्रत्येक गुडघा टेकेल. पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात तो गुडघा येशूच्या नावाने टेकतो, कारण देवाने त्याला 'सर्व नावांपेक्षा श्रेष्ठ असे नाव' दिलं आहे. मुळात 'येशू' या नावातही त्या चार अक्षरांचं लघुरूप आहे. अर्थ, 'परमेश्वर तारण करतो'. म्हणून आम्ही 'प्रभू येशू' म्हणतो तेव्हा ते नाव टाळत नाही. आमच्या समजुतीप्रमाणे ते घेण्याची आमची रीतच ही आहे. बाप्तिस्माही पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या 'नावाने' होतो. तीन व्यक्ती, पण मूळ ग्रीकमध्येही 'नाव' एकवचनी. त्रैक्याचा, म्हणजे एकच देव तीन व्यक्तींत असल्याचा, सिद्धांत इथूनच उमलतो.

नामस्मरणाबद्दल. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये येशू-प्रार्थना आहे: 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.' गाठी मारलेल्या दोरीवर बोटं फिरवत संन्यासी ती श्वासाबरोबर म्हणत राहतात. यावरूनच ग्रीसमधल्या अ‍ॅथोस पर्वतावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठा वाद पेटला. काही रशियन संन्यासी म्हणू लागले की देवाचं नाव म्हणजे खुद्द देवच. आपल्याकडे 'नाम आणि नामी एकच' म्हणतात, त्याच्या किती जवळचं हे! रशियन चर्चच्या धर्मसभेने १९१३ मध्ये ही शिकवण पाखंड ठरवली. झारच्या सरकारने युद्धनौका पाठवली, सैनिकांनी मठात पाण्याचे फवारे सोडून संन्याशांना बाहेर काढलं आणि सुमारे ८०० जणांना जहाजातून ओडेसाला नेलं. प्रार्थना करणाऱ्या माणसांना असं हाकलणं मला आजही लाजिरवाणं वाटतं.

धर्मसभेची भीती खोटी नव्हती. नाव हाती आलं की देव मुठीत आला, असं मानलं तर त्याचा मंत्रतंत्र होतो, आणि 'माझे नाव व्यर्थ घेऊ नकोस' ही आज्ञा त्याविरुद्धही आहे. पण त्या संन्याशांचा अनुभव मी नाकारू शकत नाही. ज्याने नाव सांगतानाच 'बरोबर असेन' म्हटलं, त्याला हाक मारताना तो दूर कुठेतरी असतो, असं मला मानता येत नाही. नावाची अक्षरं देव नाहीत, पण त्या नावाने हाक मारली की तो ऐकतो, याच विश्वासाने मी रोज प्रार्थना करतो.