जळगावच्या उन्हात कॅटमिंट टिकेल का?

कॅटमिंट म्हणजे पुदिन्याच्या कुळातलं, मांजरांना वेड लावणारं सुवासिक फुलझाड. टिकेल, पण उन्हापेक्षा जास्त जपा जादा पाण्यापासून. आपल्या खानदेशातली काळी माती ओल धरून ठेवते आणि कॅटमिंटची मुळं तिच्यात कुजतात. म्हणून कुंडीच बरी: निम्मी माती, बाकी जाड वाळू आणि मूठभर शेणखत. खत जास्त झालं की रोप नुसतं लांबतं, आडवं पडतं. बोट दोन पेरं खुपसून बघा, कोरडं लागलं तरच पाणी द्या.

लावायचं दिवाळीनंतर. निळी-जांभळी फुलं सुकली की एक तृतीयांश छाटा, पुन्हा फुटवे येतात. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की कुंडी पूर्वेच्या भिंतीला हलवा, सकाळचं ऊन पुरतं. घरात मांजर असेल तर कोवळ्या रोपावर जाळी हवीच. पान चुरगळल्याचा वास आला की मांजर थेट त्यावर लोळतं.