उमेदवारी सोडणारा इंजिनिअर

प्रिय मैत्रिणी,

सप्रेम जिंदाबाद.

नोकरी सोडून पूर्णवेळ कार्यकर्ती व्हावं का, आणि व्हायचंच तर कुणाचं राजकीय आयुष्य डोळ्यांसमोर ठेवावं, असे दोन प्रश्न तू विचारले आहेस. पहिल्याचं उत्तर द्यायची मला घाई नाही. दुसऱ्याचं देतो, ओघात पहिल्याचंही थोडं येईल. तू सिव्हिल इंजिनिअर, म्हणून मुद्दाम एका सिव्हिल इंजिनिअरबद्दल लिहितो. एबेर्तो कास्तियो, मेक्सिकोचा.

मेक्सिको म्हटलं की आपल्याकडच्या डाव्यांना मानवेंद्रनाथ रॉय आठवतात, 1919 साली तिथला कम्युनिस्ट पक्ष उभा करणाऱ्यांत ते होते. वर्ध्याकडच्या कुणाला तिथे शेतीसंशोधन केलेले पांडुरंग खानखोजे आठवतील. एबेर्तोचं नाव मात्र इथे सहसा कुणी घेत नाही. त्याचं कारण उघड आहे : तो कधी सत्तेत आला नाही.

जन्म 1928 चा, वेराक्रूस राज्यातला. राष्ट्रीय विद्यापीठात शिकला, तिथेच शिकवू लागला. स्लॅबच्या पोटातलं काँक्रीट फारसं काम न करता नुसतं वजन वाढवतं, हे तू शिकली आहेसच. यानं ते काढूनच टाकलं. वर दाबाच्या बाजूला काँक्रीटचा पातळ थर, खालचा ताण पोलादाकडे, मध्ये तिरक्या सळयांची त्रिमितीय जाळी. या रचनेला ‘त्रिदिलोसा’ म्हणतात. मेक्सिको सिटीतल्या आजच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या मनोऱ्यात ती वापरली आहे. एवढं एक काम करून माणूस आयुष्यभर सुखात राहिला असता.

पण 1961 मध्ये तो राष्ट्रीय मुक्ती आंदोलनात सामील झाला. माजी राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास, म्हणजे 1938 मध्ये तेलाचं राष्ट्रीयीकरण करणारे, त्या आंदोलनामागे होते. मग 1968 उजाडलं. विद्यार्थी रस्त्यावर आले आणि प्राध्यापकांच्या आघाडीत एबेर्तो पुढे होता. 15 सप्टेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्षांनी स्वातंत्र्याची घोषणा द्यायची, ही तिथली रीत. त्या वर्षी विद्यापीठाच्या आवारात ती एबेर्तोनं दिली. तिसऱ्या दिवशी विद्यापीठात लष्कर घुसलं, आणि हा आसपासच्या लाव्हाच्या खडकांत लपत निसटला. 2 ऑक्टोबरला त्लातेलोल्कोच्या चौकात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, दहा दिवसांनी त्याच शहरात ऑलिंपिक सुरू झालं. 1969 मध्ये तो पकडला गेला आणि लेकुंबेरीच्या तुरुंगात दोन वर्षं राहिला.

इथपर्यंतची गोष्ट सगळेच रंगवून सांगतात. तुला त्यापुढची जास्त उपयोगाची आहे.

तो सुटला तेव्हा नवे राष्ट्राध्यक्ष एचेव्हेरिया ‘लोकशाही खुली करतो’ म्हणत होते. ही खुली लोकशाही म्हणजे 68 च्या चळवळीतल्या हुशार पोरांना सरकारात सामावून घेणं. महामंडळ कशासाठी असतं हे महाराष्ट्रात वाढलेल्या तुला मी काय सांगू! बरेच जण गेले. एबेर्तो गेला नाही. नवा पक्ष काढायचा म्हणून लोकांची मतं आजमावत तो देशभर हिंडला. रेल्वे कामगारांचे नेते देमेत्रियो वायेखो सोबत होते, ते स्वतः अकरा वर्षं तुरुंगात काढून आलेले. ओक्तावियो पास, कार्लोस फुएंतेस यांच्यासारखे मोठे साहित्यिकही सुरुवातीला होते, पुढे ते बाजूला झाले. साहित्यिकांचं असं होतं, त्यावर रागावू नये. 1974 मध्ये मेक्सिकन कामगार पक्ष स्थापन झाला. मार्क्स-लेनिनच्या तसबिरींऐवजी एबेर्तो मेक्सिकन क्रांतीतले शेतकरी नेते सापाता आणि विया यांची भाषा बोलायचा, कारण गावातल्या माणसाला तीच कळत होती. 1977 मध्ये अमेरिकेकडे नैसर्गिक वायू नेणाऱ्या पाइपलाइनला त्यानं विरोध केला. नुसत्या घोषणा न देता ‘प्रोसेसो’ साप्ताहिकात हिशेब मांडून तो लढला. इंजिनिअर असल्याचा राजकारणात उपयोग काय, या तुझ्या शंकेला माझं उत्तर हेच आहे. तेल खातं आकडे फेकायचं, आणि समोरच्याला ते तपासता येत होते.

हा माणूस हट्टीही होता. 1981 मध्ये कम्युनिस्ट आणि इतर डावे एकत्र येत असताना तो ऐनवेळी बाहेर राहिला. मला ते चुकीचं वाटतं. आधीच लहान पक्ष, त्यात आणखी सहा वर्षं गेली. 1985 मध्ये कुठे त्याच्या पक्षाला निवडणूक लढवता आली आणि तो खासदार झाला. एकी शेवटी झाली ती 1987 मध्ये, मेक्सिकन समाजवादी पक्षाच्या रूपानं. या पक्षानं राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार लोकांच्या मतदानातून निवडला, आणि निवडून आला एबेर्तो.

आता बघ, वय साठीला टेकलेलं. तुरुंग, वणवण, पंधरा-सोळा वर्षांची पक्षबांधणी, आणि हक्कानं मिळालेली उमेदवारी. दुसरीकडे सत्ताधारी पक्षातून फुटलेले क्वाउतेमोक कार्देनास, लासारोंचे चिरंजीव, कालपरवापर्यंत त्याच पक्षाचे मिचोआकान राज्याचे गव्हर्नर. सभांना गर्दी त्यांच्या होती. मतदान 6 जुलै 1988 ला. जूनच्या सुरुवातीला एबेर्तोनं कार्देनासांसाठी उमेदवारी सोडली.

याला त्याग म्हणून हार घालू नकोस. मी त्यात हिशेब बघतो. मतविभागणी झाली तर कुणाचा फायदा, हे त्याला दिसत होतं, आणि ज्याच्या हातात स्वतःची विद्या आहे त्याला उमेदवारीवाचून आयुष्य संपल्यासारखं वाटत नाही. हा माझा अंदाज, त्यानं असं कुठे लिहिलंय असं मी म्हणत नाही.

मतदानाच्या रात्री मतमोजणीची यंत्रणाच ‘बंद पडली’. अधिकृत निकालात सत्ताधारी पक्षाचे उमेदवार सालिनास 50 टक्क्यांच्या थोडे वर, कार्देनास 31 टक्क्यांच्या आसपास. फसवणुकीचा आरोप आजतागायत पुसला गेलेला नाही. पण 1989 मध्ये दोघांचा मिळून लोकशाही क्रांती पक्ष उभा राहिला, तो समाजवादी पक्षाच्याच अधिकृत नोंदणीवर. म्हणजे एबेर्तोनं उमेदवारी सोडली, पाठोपाठ पक्षाचं नावही सोडलं, आणि नवा पक्ष त्या कागदावर निवडणुका लढवू लागला. पुढे तो वेराक्रूसचा सिनेटर झाला आणि चियापास राज्यातल्या सशस्त्र बंडखोरांशी, म्हणजे सापातिस्तांशी, बोलणी करणाऱ्या संसदीय समितीत बसला. एप्रिल 1997 मध्ये गेला. तीनच महिन्यांनी कार्देनास राजधानीचे पहिले निवडून आलेले प्रमुख झाले आणि सत्ताधाऱ्यांचं कनिष्ठ सभागृहातलं बहुमत गेलं. सिनेटचं सर्वोच्च पदक त्याला त्याच वर्षी मरणोत्तर मिळालं.

तेव्हा राजीनामा तूर्त देऊ नकोस. आधी तुमच्या तालुक्याच्या पाणीयोजनेचं अंदाजपत्रक माहिती अधिकारात मागव, दर तपास, आणि सापडेल ते ग्रामसभेत मांड. दोन वर्षं हे जमलं, तर पूर्णवेळाचं बोलू. महिन्याचा खर्च कोण उचलणार, हे तेव्हा कागदावर लिहून आण. ‘बघू, होईल काहीतरी’ हे उत्तर मला चालणार नाही.

पत्राच्या शेवटी तू घाईत लिहिलंस की येत्या निवडणुकीत तुमच्या गणात आपल्याच विचारांचे दोघं उभे राहताहेत. अर्ज मागे घेण्याच्या तारखेआधी दोघांना एका खोलीत बसव. मी येतो. फक्त गुरुवार नको, त्या दिवशी मला डॉक्टरकडे जायचं असतं.

तुझा,
काका