सगळेच बोअर मारतायत, गावातलं पाणी संपत चाललंय, थांबवायचं कसं?

तुम्ही विचारलंय की कायद्याने हे थांबेल का. कायदा आहे ओ, महाराष्ट्राचा भूजल कायदा 2009 चा, 60 मीटरच्या खाली म्हणजे साधारण 200 फुटांच्या खाली जायला त्यात मनाई आहे, पण आमच्याकडे बोअरची गाडी रात्री येते आणि शेजाऱ्याला 400 ला लागलं की बांधावरचा दुसरा म्हणतो मला 500 घे. सहाशेला नुसता फुफाटा उडतो तरी माणूस थांबत नाही, कारण त्याला वाटतं मी नाही उपसलं तर शेजारचा उपसणारच. आणि ते खरंच आहे, म्हणून एकट्याने शहाणपणा करून काही होत नाही.

माझं ठाम मत आहे की पेरणीच्या आधी गावाच्या पाण्याचा हिशोब झाला पाहिजे. हिवरे बाजारला (नगर जिल्हा, आता अहिल्यानगर) हेच करतात. तिथे पाऊस जेमतेम 400 मिमीच्या आसपास, पण पावसाळा संपला की पाऊस किती झाला, विहिरींची पातळी किती, हे बघून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं आणि उरलं त्यावर रब्बीला काय आणि किती लावायचं ते ठरतं. पाऊस कमी तर क्षेत्र कमी, सगळ्यांचंच. शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद. पोपटराव पवार 1989 ला सरपंच झाले तेव्हापासूनची ही मेहनत आहे, आधी शिवारात बांधबंदिस्ती झाली, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी झाली, मग हे नियम टिकले.

ठिबकने प्रश्न सुटेल असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. वाचलेल्या पाण्यावर लोक अजून एक एकर लावतात, उपसा तेवढाच राहतो.

अजून एक, भूमिहीनांना विसरू नका. पुरंदरला विलासराव साळुंखेंच्या पाणी पंचायतीत पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर मिळायचं, माणशी अर्ध्या एकराला, जमीन नसलेल्यालाही हक्क. ज्याला काहीच मिळत नाही तो नियम का पाळेल?

तुम्ही ऑक्टोबरमध्ये सुरुवात करा. चार-पाच पोरं घ्या, टेप घ्या, गावातल्या प्रत्येक विहिरीचं पाणी मोजा आणि आकडे विहीरमालकाच्या नावासकट ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. सरकारच्या भूजल सर्वेक्षणवाल्यांच्या निरीक्षण विहिरी, म्हणजे पातळी मोजायला ठरवलेल्या विहिरी, तालुक्यात असतात, त्यांची जुनी मापं मागून घ्या. ग्रामसभा मात्र हरभरा पेरायच्या आधीच लावा, नंतर कुणी ऐकत नाही.