नॉर्थरिजमध्ये पोलादी इमारतींचे वेल्ड का तडकले, आणि आज तो जोड कसा करावा?

पोलाद वाकतं, तुटत नाही, असं शिकवलं जातं. मग १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात बीम-कॉलमचे वेल्ड का तडकले, आणि सहा मजली पोलादी सांगाड्यात तेच कसं टाळायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

१७ जानेवारी १९९४ ला लॉस एंजेलिस परिसरात ६.७ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. शंभराहून जास्त पोलादी इमारतींच्या जोडांत तडे निघाले. इमारती उभ्याच होत्या आणि जोड अग्निरोधक लेपामागे झाकलेले, त्यामुळे अनेक ठिकाणी हे उशिरा कळलं. बहुतेक तडे बीमच्या खालच्या फ्लँजच्या (बीमच्या वर-खालच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्लँज) वेल्डपासून सुरू झाले होते. तिथूनच का, हे कळलं की अर्धं उत्तर मिळतं.

खालचा फ्लँज वेल्ड करताना बीमचा वेब (दोन फ्लँजमधली उभी पट्टी) आडवा येतो. प्रत्येक थर मधोमध थांबवून पलीकडून पुन्हा सुरू करावा लागतो, आणि दोष नेमके त्या जागी राहतात. वितळलेला धातू खाली गळू नये म्हणून वेल्डखाली लावलेली बॅकिंग पट्टी तशीच सोडून देत. पट्टी आणि कॉलम यांच्यातली फट म्हणजे आयती खाच. शिवाय पट्टीमुळे अल्ट्रासॉनिक तपासणीत मुळाशी असलेला दोष नीट ओळखू येत नसे. तेव्हाची सेल्फ-शील्डेड वायर (बाहेरून गॅस न लागणारी वेल्डिंगची तार) भराभर वेल्ड भरायची, पण त्या वेल्डला चिवटपणा फार कमी. वरच्या स्लॅबमुळे तटस्थ अक्ष (बीम वाकताना जिथे ताण शून्य असतो ती रेषा) वर सरकतो आणि खालच्या फ्लँजवर ताण वाढतो, ही आणखी भर. आणि बीमचं पोलाद कागदावरच्या आकड्यापेक्षा बरंच ताकदवान निघालं. जो बीम यील्ड व्हायला हवा, म्हणजे न तुटता कायमचा वाकायला हवा, तो ताठ राहिला, आणि मोमेंट (वाकवणारा जोर) वेल्डवर चढत गेला.

म्हणून नुसता वेल्ड सुधारून भागत नाही. बीम कुठे यील्ड होणार ती जागा आपणच ठरवायची, कॉलमपासून जरा लांब. त्यासाठी फ्लँज दोन्ही बाजूंनी कमानीसारखा कापतात. याला डॉगबोन म्हणतात. ६०० मिमी खोल, २२० मिमी रुंद आणि १९ मिमी जाड फ्लँजचा बीम घ्या. कॉलमच्या तोंडापासून १४० मिमी सोडा, मग ४५० मिमी लांबीत प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त ४५ मिमी खोल काप. त्रिज्या ५८५ मिमी येते. मधोमध १३० मिमी फ्लँज उरतो आणि तिथली प्लास्टिक मोमेंट क्षमता (पूर्ण यील्ड होईपर्यंत पेलता येणारा मोमेंट) साधारण २८ टक्क्यांनी घटते. फ्रेमचा ताठपणाही थोडा कमी होतो, म्हणून मजल्यांचं सरकणं पुन्हा तपासा. काप गॅसने घेतला तर कडा ग्राइंडरने गुळगुळीत करा, लांबीच्या दिशेने. एक खाच राहिली तरी तडा तिथून सुटेल.

वेल्डसाठी: खालच्या फ्लँजची पट्टी काढायचीच. वेल्डचं मूळ गाऊज करून (खरवडून) स्वच्छ करा, उलट बाजूने भरा, वर ८ मिमी फिलेट (कोपऱ्यातला त्रिकोणी वेल्ड) घाला. वरच्या फ्लँजची पट्टी राहिली तरी चालते, पण ती कॉलमला फिलेटने जोडा. वेल्ड सुरू करायला आणि संपवायला टोकांना लावलेले रन-ऑन, रन-ऑफ टॅब कापून टोकं घासा. इलेक्ट्रोड मागवताना नुसती ताकद पाहू नका, उणे १८ अंशांना किमान २७ जूल शार्पी चिवटपणाचं (खाच पाडलेला नमुना आघाताने तोडायच्या चाचणीचं) प्रमाणपत्र मागा.

पोलादी बांधकामाचं भारतीय मानक आयएस ८०० : २००७ नुसार स्पेशल फ्रेमचा (भूकंपात जास्त वाकू शकेल अशा सांगाड्याचा) जोड ०.०४ रेडियन फिरणं सोसायला हवा, आणि कॉलमांची एकत्रित क्षमता बीमांच्या किमान १.२ पट हवी. ही तपासणी करताना बीमचा खरा यील्ड धरा: २५० मेगापास्कल हा किमान आकडा असतो, प्रत्यक्षात तो ३०० च्या वरही निघतो. कॉलममध्ये बीमच्या फ्लँजसमोर कंटिन्यूइटी प्लेट (आडव्या आधारपट्ट्या), आणि पॅनेल झोन (जोडाजवळचा कॉलमचा वेब) कमी पडल्यास त्यावर जाडी वाढवणारी डब्लर प्लेट विसरू नका.

आपल्याकडे साइटवर वेल्डरची पात्रता-चाचणी आणि अल्ट्रासॉनिक तपासणी हमखास होईल अशी खात्री नसेल, तर माझं स्पष्ट मत: बीमच्या टोकाला एक्स्टेंडेड एंड प्लेट (फ्लँजच्या बाहेरपर्यंत जाणारी जाड प्लेट) कारखान्यात वेल्ड करून घ्या आणि साइटवर पूर्वताण दिलेल्या हाय-स्ट्रेंग्थ बोल्टांनी बांधा. मात्र प्लेट आणि बोल्ट बीमपेक्षा आधी हार मानणार नाहीत, असं गणित करूनच.

आणि जोड झाल्यावर कापाच्या आसपासचा भाग रंगाने आखून ठेवा. तिथे शिअर स्टड (स्लॅब बीमला धरून ठेवणारा वेल्ड केलेला खुंट) नको, ठोकलेला पिन नको, डक्टचा वेल्ड केलेला हँगर नको. ड्रॉइंगवर लिहिलं तरी इलेक्ट्रिशियन ते वाचत नाही. त्याला जागेवर नेऊन दाखवा.