आकडा शेवटी लिही

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही मिळाली. चार महिन्यांत 63 सिनेमे, सगळे हॉलिवूडच्या स्टुडिओंच्या जमान्यातले, आणि प्रत्येकापुढे दहापैकी गुण. रात्री जेवणं उरकून वही घेऊन बसले, ती एक वाजेपर्यंत वाचत होते. तुझ्या वयाचा मुलगा हे सिनेमे आपणहून शोधून बघतोय याचा मला फार आनंद झाला. हे आधी सांगते, कारण पुढे थोडी रागावणार आहे.

'द शॉप अराउंड द कॉर्नर'ला तू 6 दिलेस आणि पुढे लिहिलंस, 'गोड आहे, पण संथ.' एवढंच. 1940 चा हा एमजीएमचा सिनेमा. दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच मूळचा बर्लिनचा, वडिलांचं कपडे शिवण्याचं दुकान असलेल्या घरातला. गोष्ट बुडापेस्टमधल्या एका दुकानातल्या नोकरदारांची. त्यात टपाल कार्यालयातला एक शॉट आहे. कॅमेरा पत्रपेट्यांच्या मागच्या बाजूला आहे. नायिका क्लाराच्या पेटीत बाहेरून हातमोजा घातलेला हात येतो, चाचपडतो. पत्र नाही. हात मागे जातो आणि त्याच चौकोनात तिचा चेहरा दिसतो. हाताला लागलं नाही ते निदान डोळ्यांना तरी दिसेल, म्हणून ती वाकून बघतेय. मग तोही चेहरा निघून जातो. ना रडणं, ना संवाद. हा शॉट तू पाहिलास की त्या वेळी फोन बघत होतास? वहीवरून मला कळायला मार्ग नाही, आणि माझी तक्रार तीच आहे.

म्हणून एक सवय लाव. सिनेमा संपला की आधी त्यातला एक शॉट शब्दांत उतरव. कोण कुठे उभं होतं, उजेड कुठून येत होता, कॅमेरा हलला की थांबला. चार ओळी पुरेत. आकडा त्यानंतर, आणि तोही दुसऱ्या दिवशी. शॉट आठवलाच नाही तर त्या दिवशी आकडा लिहायचा नाही. ज्याला तू 9 दिलेस त्या 'कॅसाब्लांका'च्या पानावरही एक ओळ नाही. तो 9 तुझा नाही, जगाचा आहे. पुन्हा बघ. जर्मन अधिकाऱ्यांचं गाणं बुडवून सगळं कॅफे फ्रेंच राष्ट्रगीत म्हणतं, तिथे मादलेन लबोच्या डोळ्यांत पाणी आहे. ती आणि तिचा तेव्हाचा नवरा मार्सेल दालियो, तोही याच सिनेमात आहे, 1940 मध्ये फ्रान्समधून पळून आले होते. चित्रीकरण 1942 चं. पॅरिस तेव्हा जर्मनांच्याच ताब्यात होतं.

पडद्याबद्दल थोडं. 1953 मध्ये सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचं तंत्र, येईपर्यंत हे सिनेमे जवळजवळ चौकोनी चौकटीत काढले जायचे, 1.37 ला 1. तुझ्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात त्या राहू देत. चित्र ताणून पडदा भरलास तर माणसं बुटकी आणि जाडी होतात, आणि कॅमेरामनने जपून बसवलेली चौकट मोडते. टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी जी सोय असते तीही बंद कर.

आता तुझं दुसरं मत, 'त्या काळी सगळं सोवळं असायचं.' हे अर्धंच खरं. नैतिकतेची नियमावली 1930 लाच लिहून झाली होती, पण तिचा दंडुका खरा चालू लागला तो जुलै 1934 पासून, ती राबवणाऱ्या जोसेफ ब्रीनच्या कार्यालयातून. त्याआधीचा 'बेबी फेस' (1933) बघ. बार्बरा स्टॅनविक एका बँकेत शिरते, एकेका साहेबाला वश करत वर चढते, आणि कॅमेरा इमारतीच्या बाहेरून एकेक मजला वर सरकतो. न कापलेली प्रत 2004 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली, तीच मिळव. मग तीच स्टॅनविक 'डबल इन्डेम्निटी'मध्ये (1944) बघ. ही गोष्ट पडद्यावर आणायला ब्रीनच्या कार्यालयाने 1935 मध्ये साफ नकार दिला होता. दिग्दर्शक बिली वाइल्डरने ती आणली, पण परक्याची बायको आणि विमा एजंट यांच्यात काय घडलं ते दाखवायची सोय नव्हती. त्याने काय केलं? दोघं कोचावर जवळ बसलेली दिसतात, मग दृश्य एजंटच्या कबुलीजबाबाकडे जातं, आणि परत येतं तेव्हा तो आरामात रेलून सिगारेट ओढतोय, ती ओठांना लाली लावतेय. मधलं सगळं आपल्याला कळलेलं असतं. तू या सिनेमाला 7 दिलेस, हरकत नाही. पण ही जागा हेरून मग 7 दिलेस का, एवढंच मला हवंय.

श्रेयनामावली पळवू नकोस. तेव्हाचे स्टुडिओ कारखान्यासारखे चालत: लेखक, कॅमेरामन, शिवणकामाचा विभाग, नटनट्या, सगळे करारावर, पगारावर. आपल्या प्रभातमध्येही माणसं महिन्याच्या पगारावरच होती, त्यामुळे मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. एका दिग्दर्शकाच्या नावावर सगळं पुण्य जमा करण्याआधी बाकीची नावं वाच. 'सिटिझन केन'मध्ये ऑर्सन वेल्सने कॅमेरामन ग्रेग टोलंडचं नाव स्वतःच्या नावाबरोबर एकाच पाटीवर ठेवलं. तेवढा मान त्याने आपणहून दिला. तू मात्र वहीत टोलंडचं नावसुद्धा लिहिलं नाहीस.

'गॉन विथ द विंड'च्या पानावर तू लिहिलंस, 'वंशभेद आहे, पण त्या काळी तसंच होतं.' हे वाक्य मला मान्य नाही. कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी आणि वृत्तपत्रांनी या सिनेमावर तेव्हाच आक्षेप घेतले होते. काळ म्हणजे फक्त सिनेमे काढणारे नव्हेत, दुखावलेलेही त्याच काळात राहत होते. डिसेंबर 1939 मध्ये अटलांटात पहिला खेळ झाला, तिथे त्याच सिनेमात काम केलेल्या कृष्णवर्णीय हॅटी मॅकडॅनियलला जाता आलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत ती ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलावंत ठरली, आणि त्या समारंभात तिला सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. तिचं काम बघ आणि त्याचं भरभरून लिही. सिनेमाने गुलामगिरीला लावलेला गुलाबी रंगही लिही. दोन्हींची बेरीज करून एक आकडा निघत नसेल तर त्या पानावर आकडा नसला तरी चालेल.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या यादीत 'मेक वे फॉर टुमॉरो' (1937) नाही. पॅरामाउंटचा, लिओ मॅकॅरीचा. म्हाताऱ्या नवराबायकोचं घर बँक घेते, त्या दोघांना एकत्र ठेवायला पाच मुलांपैकी कुणीही तयार नाही, म्हणून आई एकाकडे आणि वडील दुसरीकडे. मी तो पंचविशीत पाहिला, परदेशातल्या मैत्रिणीने टीव्हीवरून भरून पाठवलेल्या कॅसेटवर. माझ्या त्या वेळच्या वहीत गुण आहेत 5, आणि शेरा, 'रडका'.

त्यात एक प्रसंग आहे. सून घरी ब्रिजचा क्लास घेतेय, हॉलमध्ये पाहुणे पत्ते खेळतायत, सासूबाईंची झुलती खुर्ची कुरकुरतेय, सगळ्यांची पंचाईत. तेवढ्यात म्हाताऱ्याचा लांबून फोन येतो. बाई ओरडून बोलतात, कारण माणूस लांब आहे तर आवाज मोठा हवा. त्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. पाहुणे आधी वैतागतात, मग ओशाळतात, मग पत्ते हातातच राहतात. बाई म्हणतात, या फोनच्या पैशात तुम्हाला चांगला गरम मफलर आला असता. बाईंची भूमिका करणारी ब्यूला बॉन्डी तेव्हा पन्नाशीचीही नव्हती.

आई, म्हणजे तुझी आजी, मी पुण्याला हॉस्टेलवर असताना सांगलीहून ट्रंक कॉल लावायची. तीन मिनिटांचे पैसे. त्यातलं पहिलं मिनिट 'पैसे फार होतात, ठेवते' यातच जायचं, तेही ओरडून. खाली ऑफिसात बसलेल्या मुली हसायच्या आणि मला लाज वाटायची. आई गेल्यावर दोन वर्षांनी हा सिनेमा पुन्हा लावला आणि तो प्रसंग आला तेव्हा मी बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले. नंतर पुरा पाहिला. पाचाच्या आकड्यावर काट मारली नाही. शेजारी तारीख घालून 10 लिहिले. दोन्ही आकडे वहीत आहेत. पहिला पुसला असता तर पंचविशीत मला काय दिसलं नव्हतं ते कुठे नोंदलेलं राहिलं असतं?

शेवट सुखाचा करा, असा मॅकॅरीवर दबाव होता. त्याने केला नाही, आणि पॅरामाउंटशी त्याचं नातं संपलं. त्याच वर्षी दुसऱ्या स्टुडिओत त्याने 'द ऑफुल ट्रूथ' हा विनोदी सिनेमा काढला, त्याला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं, तेव्हा तो म्हणाला की तुम्ही चुकीच्या सिनेमासाठी दिलंत. 'द ऑफुल ट्रूथ'ला तू 8 दिलेस. तो बरोबरच आहे, त्याला हात लावू नकोस.

'मेक वे' एकट्याने बघू नकोस. दिवाळीत येशीलच, भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी दुपारी आपण दोघं बघू. मी पडदे ओढून ठेवते आणि दारावरची बेल बंद करते. येताना वही आण, पेन इथे आहे.

तुझी,
आत्या