मॅटेडोरचं इंजिन बांधायचं का? आधी फ्लोअरचं प्लाय उचला

काकांची १९८८ची मॅटेडोर, म्हणजे बजाज टेम्पोची व्हॅन, आत बेड-ओटा केलेली, विक्रोळीला सोसायटीत बराच काळ उभी. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, पांढरा धूर येतो, चढावर ओढत नाही. गॅरेजवाला फुल इंजिन करा, म्हणजे सगळं खोलून नव्याने बांधा, म्हणतो. करू की गाडी काढून टाकू, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत विचाराल तर इंजिनकडे सगळ्यात शेवटी बघा. मॅटेडोरमधलं ओएम ६१६ हे मर्सिडीजचं २.४ लिटरचं डिझेल इंजिन बजाज टेम्पोने आपल्या ट्रॅक्स गाडीतही दिलं होतं. त्यामुळे रिंगा, बेअरिंग, हेड गॅस्केट ऑपेरा हाऊसच्या स्पेअरवाल्यांकडे मिळून जातं. काचेचं रबर किंवा दाराचं कुलूप शोधायला निघालात, तर कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या गल्ल्यांत चपला झिजतील. आणि गंजलेली चासी कुठल्याच दुकानात मिळत नाही.

म्हणून एका रविवारी आतलं लिनोलियम आणि प्लाय उचला. अशा राहायची सोय केलेल्या गाडीत (कॅम्परमध्ये) सिंकचं पाणी वर्षानुवर्षं प्लायखाली झिरपतं, वरून पत्ता लागत नाही. सिंकच्या खालचा पत्रा, चाकांच्या कमानी, दाराखालची पट्टी आणि स्प्रिंग जिथे चासीला धरते ती जागा, सगळीकडे पेचकस जोरात टोचून बघा. वरवरचा गंज खरवडून निघतो. पण स्प्रिंगच्या जागी टोक आत घुसलं आणि पापुद्रे गळून पडले, तर इंजिनावर एक रुपया घालू नका. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, तिथे मारलेलं वेल्डिंगही फार टिकत नाही.

दुसरं, कागद. १५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी करून घ्यावी लागते, पर्यावरण कर वेगळा. आरसीवर बॉडीचा प्रकार काय लिहिलाय तेही बघा, बेड-ओटा नंतर केलेला असेल तर आरटीओचा इन्स्पेक्टर विचारणारच. कोणी ‘व्हिंटेजमध्ये टाका’ म्हणालं तर ऐकून सोडून द्या. २०२१च्या नियमांनुसार गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात लागते, शिवाय ती रोज रस्त्यावर फिरवता येत नाही.

हे दोन्ही पार पडलं तर आता इंजिन. तुमची लक्षणं ऐकून रिंगा गेल्याच असं मी तरी म्हणणार नाही. या इंजिनात व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतत जातो आणि त्याच्या वर ठेवलेली बारीक फट, म्हणजे गॅप, कमी होते. गॅप संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, निसटतं आणि थंड इंजिन रडत सुरू होतं. टॅपेट सेटिंग, म्हणजे ही गॅप परत जुळवणं, हे अर्ध्या दिवसाचं काम, पण फुल इंजिनचं बिल दिसत असताना ते कोण सुचवणार! म्हणून इंजिन खोलायच्या आधी टाकीतलं जुनं डिझेल काढा (उभ्या गाडीत तळाला पाणी साचतं), फिल्टर बदला, टॅपेट करा, हीटर प्लग (थंड इंजिन सुरू व्हायला आतली हवा तापवणारे) एकेक तपासा. एवढं झाल्यावरच कॉम्प्रेशन मोजून घ्या, कारण टाइट टॅपेटवर घेतलेला आकडा खोटा असतो.

इंजिन गरम झालं की आयडलवर ऑइलचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. थरथरलं तर चालेल. उडून पडलं किंवा भकाभक धूर आला, तर बोअर (सिलिंडरची आतली भिंत) आणि रिंगा गेल्या. कॉम्प्रेशन एकाच सिलिंडरमध्ये कमी दाखवत असेल तर बहुधा हेडचं काम. चारही कमी असतील आणि झाकणही उडत असेल, तर गॅरेजवाला बरोबर आहे. तेव्हा मात्र ‘नुसत्या रिंगा टाकून बघू’ला हो म्हणू नका, झिजलेल्या बोअरमध्ये नवी रिंग बसत नाही. क्रँकचं माप मायक्रोमीटरने तुमच्यासमोर घ्यायला लावा, खर्चाचा आकडा त्यानंतर. रेडिएटरचं रॉडिंगही (नळ्या सळईने साफ करणं) त्याच वेळी करून घ्या, नाहीतर सिंकची पाण्याची टाकी भरून बोरघाट चढताना नवं इंजिन तापेल.

ट्रॅक्सचं जुनं इंजिन बसवायचा सल्ला हमखास मिळेल. स्वस्त पडतं, पण इंजिन नंबर आरसीवर असतो. आधी आरटीओची परवानगी, मग इंजिन, आणि बिल जपून ठेवा.

गाडी काढायचीच ठरली तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या, सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (गाडी जमा केल्याचा दाखला) घ्या आणि नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा. दारावर आलेल्या भंगारवाल्याला दिलीत, तर कागदोपत्री मालक काकाच राहतील.