शोरूमचा हप्ता की सहकाऱ्याची जुनी गाडी?

प्रश्न: आम्ही दोघं छत्रपती संभाजीनगरला नोकरी करतो. हातात मिळून ८२,००० येतात, गृहकर्जाचा हप्ता २४,००० आहे, एफडी साडेचार लाखांची. मुलगी चार वर्षांची. वडील गावी असतात, गुडघ्यांमुळे त्यांना एसटीचा प्रवास झेपत नाही. महिन्याला ५०० किलोमीटर होतील. जीएसटी कमी झाल्यावर शोरूममध्ये चौकशी केली : ऑन-रोड १०.९० लाख, त्यात ९ लाख कर्ज सात वर्षांसाठी. दुसरीकडे ऑफिसातले एक सहकारी त्यांची जानेवारी २०१९ची पेट्रोल हॅचबॅक ४ लाखांना देतायत. बायको म्हणते नवीच घ्या, जुनी सुरक्षित नसते. काय करावं?

उत्तर: आधी शोरूमचा हिशेब. ९ लाखांवर ९ टक्के व्याज धरलं, तर सात वर्षांचा हप्ता १४,५०० च्या आसपास बसतो. गृहकर्ज धरून ३८,५०० झाले, म्हणजे पगारातले जवळजवळ ४७ टक्के. सात वर्षांत व्याजच सव्वातीन लाखांच्या घरात जातं. पाच वर्षांचा हप्ता १८,७०० येतो, तो तुम्हाला झेपणार नाही म्हणूनच शोरूमवाल्यांनी सात वर्षं सुचवली असणार. आणि पाच वर्षांनी गाडी विकायची वेळ आली, तर त्या दिवशीही तीन लाखांवर कर्ज बाकी असेल.

खरी मेख किलोमीटरमध्ये आहे. महिना ५०० म्हणजे पाच वर्षांत ३०,०००. तोवर नव्या गाडीची किंमत निम्म्यावर आली असं धरा, साडेपाच लाख गेले. किलोमीटरमागे १८ रुपये नुसती घट! पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग वेगळंच. एवढ्या पैशात भाड्याची गाडी ड्रायव्हरसकट दारात येते. सहकाऱ्यांची गाडी आज चारची आणि पाच वर्षांनी पावणेदोनची धरली, तर ही घट साडेसात रुपयांवर येते. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, पण थोडे इकडेतिकडे झाले तरी निकाल बदलत नाही. इतकं कमी चालवणाऱ्याला नवी गाडी महागच पडते.

तरी वहिनींचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. नव्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरशेजारच्या सीटची एअरबॅग सक्तीची झाली, पण २०१९च्या सुरुवातीच्या गाड्यांना तो नियम नव्हता. तेव्हाच्या बेस मॉडेलमध्ये ती नसूही शकते. त्यामुळे सहकाऱ्यांना पहिला प्रश्न विचारा की व्हेरिएंट कोणतं? दोन एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि मुलीची सीट अडकवायला मागे आयसोफिक्स असेल तरच पुढे बोला. यातलं एक जरी नसेल तर साडेतीनलाही घेऊ नका, दुसरी जुनी गाडी शोधा. मॉडेलला क्रॅश टेस्टमध्ये किती स्टार मिळाले ते ग्लोबल एनकॅपच्या साइटवर फुकट बघता येतं. आपल्याकडची तशीच चाचणी, भारत एनकॅप, २०२३ मध्ये सुरू झाली, तुमच्या गाडीच्या काळातले निकाल तिथे शोधू नका.

व्हेरिएंट पटलं, तर टोकन द्यायच्या आधी एक संध्याकाळ मोबाइलवर घालवा. एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाका : नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, सगळं दिसतं. ई-चलानच्या सरकारी साइटवर थकलेले दंड बघा, ते त्यांनीच भरायचे. आरसीवर अजून बँकेचं नाव आहे का, हेही तपासा. कर्ज फिटलं म्हणजे बोजा उतरला असं नसतं. त्यासाठी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओत द्यावा लागतो. माझ्या पहिल्या जुन्या गाडीवर असाच एका बँकेचा बोजा राहिला होता. मालक परगावी गेलेले, आणि मी चार महिने फोन करत बसलो. तुम्ही तो बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी १ एप्रिल २०१९ आधीची आहे, म्हणून एचएसआरपी, म्हणजे सरकारी नियमाची हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, बसलीय ना तेही बघा.

मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नका. सहकाऱ्यांना सोबत घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुना रेकॉर्ड काढा. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना, तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा. त्याला हजार-दीड हजार द्यायला मागेपुढे पाहू नका.

आता भाव. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यावरचा सेसही गेला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरायलाच हवा. सहकारी मात्र बहुधा २०१९ला मोजलेल्या पैशांवरून हिशेब करत असतील. त्याच मॉडेलची आजची शोरूम किंमत त्यांच्यासमोर ठेवा. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. ४८१८ असेल तर टायर २०१८च्या ४८व्या आठवड्यातलं, म्हणजे चारही बदलायला आलेत. पावणेचारला सौदा व्हायला हरकत नाही.

एफडीतले दीड लाख काढा, सव्वादोन लाख तीन वर्षांचं कर्ज घ्या. जुन्या गाडीचं कर्ज महाग असतं, १२ टक्के धरले तर हप्ता साडेसात हजार. एफडी तारण ठेवून ओव्हरड्राफ्ट घेतला तर व्याज कमी लागेल, बँकेतले लोक तेच सुचवतील. पण उरलेले तीन लाख हा तुमचा अडीअडचणीचा पैसा आहे. तो तारणात अडकवून गाडी घेण्यात काय अर्थ?

गाडी नावावर करायचे आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० त्यांच्यासमोर भरा, गाडी एमएच-२० चीच असेल तर काम इथल्या इथे होईल. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. त्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याची प्रीमियममधली सूट, त्यांच्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही, म्हणून प्रीमियममध्ये फरकाची रक्कम भरावी लागेल. जुना फास्टॅग त्यांना बंद करायला सांगून आपला नवा घ्या. फास्टॅगचा वर्षाचा पास घ्यायची घाई करू नका, तो फक्त राष्ट्रीय महामार्गांवर आणि राष्ट्रीय एक्सप्रेसवेवर चालतो, समृद्धीवर नाही.

आणि टोकन द्यायच्या आधी एका रविवारी ती गाडी गावी न्या. हॅचबॅकची सीट खाली असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यातून उठताना त्रास होतो. वडिलांना दोनदा बसवून, उतरवून बघा. त्यांना जमलं नाही, तर थोडी उंच जुनी गाडी शोधायची.